दरीवरची दुसरी उडी

३ फेब्रुवारी
अठरा वर्षांनी पुन्हा डायरेक्टरच्या खुर्चीत. पहिल्या भागात हीरोने दरीवरून उडी मारली आणि मी नावारूपाला आलो. दुसऱ्या भागात दरी दुप्पट रुंद.
संकल्प : रोज सहाला उठणे. सेटवर चिडायचं नाही.

४ फेब्रुवारी
साडेआठला उठलो.

११ फेब्रुवारी
हीरोचे गुडघे गेलेत. डॉक्टरने उड्या बंद सांगितल्यात. हे त्याने आज सांगितलं, कमरेला दोर बांधून झाल्यावर. चिडलो नाही. उडी रद्द. आता तो काठावर उभा राहून विचार करतो. उडीपेक्षा विचारात थरार जास्त. तरुणपणी हे सुचलं नसतं.

१२ फेब्रुवारी
विचाराचा सीन. कॅमेरामन म्हणाला, निदान वारा तरी हवा. मोठा पंखा लावला. हीरोचा विग दरीत गेला. पॅकअप.

९ मे
एडिटिंग. एडिटरबाईंनी चार मिनिटांचा विचार चाळीस सेकंदांवर आणला. मी परत चार मिनिटं केला. त्या काही बोलल्या नाहीत. पटलं असणार.

२ जून, संध्याकाळी
बायकोला दाखवला. पहिल्या भागाच्या वेळी तिने माझा हात इतका दाबला होता की अंगठीचा वळ उठला. या वेळी शांत बसून होती. संपल्यावर म्हणाली, खूप मेहनत घेतलीस. भारावली असावी. उडी हवी होती का, असं मीच विचारलं. म्हणाली, उडीचं नाही रे, तेव्हा तो पडेल अशी भीती वाटली होती.
मुद्दा चांगला आहे. पण फायनल कॉपी निघालीय.

१८ जुलै
प्रीमियर. सिनेमा संपल्यावर हॉल चिडीचूप. सुन्न केलं लोकांना. मलाही काही वाटत नव्हतं. दगदग झाली असेल.

१९ जुलै
पेपरात आलंय : 'अठरा वर्षं थांबलो होतो, अजून थांबलो असतो.' कौतुकच म्हणायचं. मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, नेटवरचं वाचू नका. दुपारपर्यंत वाचलं. राग आला नाही. जेवलोही नाही. न चिडण्याचा संकल्प एकदाचा अंगवळणी पडला.

२३ जुलै, दुपारी
खरा प्रेक्षक कसा रंगतो ते पाहायला बायकोला घेऊन थिएटरवर गेलो. खिडकीवरचा माणूस म्हणाला, पाच जण झाले तरच शो लागेल. आम्ही दोघं. पाऊण तास थांबलो. एक आजोबा आले, त्यांना शेजारच्या पडद्यावरचा सिनेमा हवा होता. बायको म्हणाली, आलोच आहोत तर तोच बघू.
बसलो. कुठल्याशा पोराने केलाय, पहिलाच सिनेमा. एक बाई तुटक्या पुलावर अडकलेली. मध्यंतराला बायकोने विचारलं, निघायचं का.
म्हटलं, थांब जरा. पुढे काय होतंय ते बघू दे.