खंडेनवमीच्या आत साखळी

आश्विन शु. ४, सोमवार. शिरूर

श्रावणापासून या वहीत एक ओळ नाही. माफी मागायची तर कुणाची? वहीची तरी मागतो. लिहायला बसलो असतो तर न्हावऱ्याच्या उतारावरचं आधी लिहावं लागलं असतं, म्हणून टाळलं.

फटफटीची साखळी तुटली, मागच्या चाकात गुंतली, चाक जागच्या जागी धरलं. मी हँडलला चिकटून राहिलो. मागं बसलेली मालती खडीवर फेकली गेली. मनगट मोडलं. हाड जुळलं, पण लुगडं पिळताना अजून तोंड वाकडं करते. मी बघतोय असं दिसलं की हसते.

सासूबाई दौंडला अंथरुणाला खिळल्या आहेत. वाटेतल्या ओढ्यावरची मोरी खचल्यापासून तिकडची एस.टी. बंद. पुण्याकडून वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडतो. फटफटी मोरीच्या कडेनं उतरते. मालती म्हणते, दसऱ्याला आईकडं जाऊ. नवी साखळी पुण्याहून येऊन पडली आहे. बसवायची कुणी, एवढाच प्रश्न.

आश्विन शु. ५, मंगळवार

इस्माईल मिस्त्रीकडं गेलो. मागची साखळी त्यानंच जोडली होती. खिळा आणि हातोडी, दुसरं काही नाही. साखळी तुटली ती त्याच जोडावर.

"आवो वकीलसाहेब, साखळी हाय ती, सोन्याची सर न्हाई. दोन ठोके घातले की बसती."

म्हटलं, या वेळी घरीच बसवतो.

"बसवा की! कालिजात शिकवत्यात व्हय हे बी?" दुकानातली सगळी हसली. तोही हसला, पण जुना जोड हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिला. त्याच्याही मनात काहीतरी आलं असावं. ठपका त्याच्यावर ठेवावा की नाही, ठरत नाही. पुराव्यात तुटलेली एक पिन, बाकी तर्क.

घरी करायचं म्हणजे चूक झाली तर ती पूर्ण माझी. हे बरं की वाईट?

अंगणात गोणपाट टाकून हत्यारं मांडली. चाकाच्या नटाला चालतील असे पाने दोन. बाजारातला कमीजास्त होणारा पाना सोयीचा, पण जबडा ढिला; घसरला की नटाचे कोपरे खातो. गाडीबरोबर लष्करी लिलावात आलेला पाना गंजका, पण नटावर घट्ट बसतो. तो रॉकेलमध्ये घातला. पकडी तीन. चांभारी पक्कड बाद. तारेची पक्कड जाड. बारीक चोचीची घेतली. उचलतो, ठेवतो, पुन्हा उचलतो. मालती दारातून म्हणाली, "मुलगी बघायला गेल्यासारखं चाललंय. पसंत पडली का एखादी?"

आश्विन शु. ७, गुरुवार

मेहुणा दत्ता मालाच्या ट्रकनं पुण्याकडून वळसा घालून आला. दौंडला इंजिनांच्या शेडमध्ये फिटर आहे. साखळीची पिन दाबून काढायचा छोटा शिकंजा घेऊन आला. स्क्रू फिरवला की पिन सरळ बाहेर येते, ठोकाठोकी नाही. दोन दुवे जास्त होते, ते माझ्याकडूनच काढवून घेतले.

"दाजी, पाना असा धरताय जसा साक्षीदार पळून चाललाय."

शिकंजा ठेवून जाताना मात्र हसला नाही. शेवटच्या दुव्यावर स्प्रिंगची क्लिप बसते. तिचं बंद टोक साखळी धावते त्या दिशेला हवं, उघडं टोक मागं. उलटं झालं तर कुठं घासून क्लिप उडेल, सांगता येत नाही. "वरून साखळी पुढं जाती, खालून मागं येती. घोटाळा तिथंच व्हतो. अक्का मागं बसणार हाय, दाजी."

ते सांगायची गरज नव्हती.

आश्विन शु. ८, शुक्रवार

साखळी चढवली. ताण बघितला, नट आवळले. गंजका पाना जराही घसरला नाही. क्लिप बारीक चोचीच्या पकडीनं बसवली; टक् असा आवाज आला. तेवढ्यात मालतीची हाक, "अहो, हत्यारं द्या, धुवून ठेवायचीत, उद्या पूजा." घाईनं साखळी झाकणारी पत्र्याची पेटी लावली आणि पेचकसानं स्क्रू आवळले. हात काळे. बरं वाटलं. फार बरं.

आश्विन शु. ९, शनिवार. खंडेनवमी

टाकही पूजेत, म्हणून पेन्सिलीनं लिहितोय.

पाटावर सगळं ओळीनं: पाने, पक्कड, पेचकस, शिकंजा, विळी, माझा टाक. हळदकुंकू, झेंडू. आता दसऱ्याची पूजा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. नमस्कार करून वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. क्लिपचं बंद टोक कुठल्या बाजूला आहे?

आठवत नाही. टक् आवाज आठवतो. दुवा वरच्या बाजूला होता की खालच्या? चाक मी मधेच फिरवलं होतं. पेटी उघडल्याशिवाय दिसणार नाही, आणि पेटी पेचकसाशिवाय उघडणार नाही.

दुपारी दत्ताचा शेडमधला सोबती सायकलवर आला. आईचं जास्त आहे, अक्काला ताबडतोब आणा. मालती पदर खोचून पिशवी भरायला लागली. "उद्या उजाडताच निघू."

आई अत्यवस्थ असताना, सणाच्या दिवशी पूजेतलं हत्यार उचला, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? न सांगता मागं बसवू? उतार डोळ्यांसमोरून हलेना. दिवेलागणीला सांगितलंच.

ती रागावेल असं वाटलं होतं. पिशवी खाली ठेवली. म्हणाली, "मला भीती वाटत नाही असं वाटलं तुम्हाला? त्या दिवसापासून तुमच्या मागं बसायचं म्हटलं की हे मनगट आधी दुखायला लागतं. बोलले असते तर तुम्ही गाडीला हातच लावला नसता. मग आईकडं कुणी नेलं असतं?"



पाटापाशी जाऊन बराच वेळ हात जोडून बसली. काय म्हणाली ऐकू आलं नाही. मग स्वतःच पेचकस उचलला, कुंकू पदरानं पुसलं, माझ्या हातात दिला. "पण दिव्याच्या उजेडात नको. घाईत परत तेच व्हायचं."

हे बरोबर झालं का, कळत नाही. तिचे ओठ अजून हलताहेत.

उद्या: उजाडताच पेटी उघडून क्लिपचं तोंड पाहणे.