गाळलेला परिच्छेद

अण्णा, काल नववीच्या वर्गात मी सारांशलेखन शिकवत होते. उतारा दोनदा वाचावा, मुख्य विचार ओळखावा, एक तृतीयांशात मांडावा, मथळा द्यावा. हे सारे मी इतक्या वर्गांना सांगितले आहे की सांगताना मन दुसरीकडे असले तरी चालते. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. फारशी न बोलणारी, वहीला सुबक समास आखणारी. तिने विचारले, ‘बाई, कुठलं वाक्य गाळायचं हे कसं ठरवायचं?’ उत्तर मला तोंडपाठ आहे: जे गाळल्याने लेखकाचे म्हणणे बदलत नाही, ते गाळावे. तोंडपाठ असूनही ते तोंडातून बाहेर येईना. ‘उद्या पाहू’ असे म्हणून मी फळ्याकडे वळले आणि आधीच पुसलेला फळा पुन्हा पुसला.

घरी आल्यावर मी आपली निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही काढली. तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षे होतील. वही माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. आईला वाटते, मी ती रद्दीत घातली.

वाशीच्या त्या पहिल्या वर्षांतले रविवार मला आजही बारकाव्यांसह आठवतात. निवृत्तीनंतर गिरगावातल्या दोन खोल्या सोडून तुम्ही हे घर घेतले तेव्हा समोरचा रस्ता मुरुमाचा होता आणि दूधकेंद्रापर्यंत चिखलातून जावे लागे. अर्धांगाच्या हलक्या झटक्याने तुमचा उजवा हात कापू लागला होता, म्हणून वर्तमानपत्रातल्या ‘वाचकांच्या पत्रव्यवहारा’साठी तुम्ही सांगायचे आणि मी लिहायचे, असे ठरले. बैठक स्वयंपाकघरात, कारण घरातले एकमेव टेबल तिथे. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून बसता, जणू कचेरीतच आलात. आई एका टोकाला भाजी निवडते आणि म्हणते, ‘लवकर आटपा, मुख्यमंत्री पोस्टमनची वाट पाहत असतील.’ तुम्ही हसत नाही. माझ्याकडे पाहून म्हणता, ‘लिही. महोदय.’ मग मी पहिला कच्चा मसुदा वहीत, आणि दुसरा पक्का फुलस्केपवर लिहिते. सही मात्र तुम्ही स्वतः करायची. तिला पाच मिनिटे लागत. डाव्या हाताने उजवे मनगट धरून तुम्ही एकेक अक्षर काढत असता आणि तेवढा वेळ आईसुद्धा भाजी निवडायची थांबते.

तुमची मते तेव्हा मला जुनाट वाटत. महाविद्यालयात सगळे बदलाची भाषा बोलत आणि तुम्ही मात्र जे आहे ते नीट सांभाळा, असे सांगत होता. घरपट्टी मुदतीच्या पहिल्या दिवशी भरावी. गणपतीच्या वर्गणीसाठी दारात उभे राहून दमदाटी करू नये. आमदार ज्या चिन्हावर निवडून आला ते चिन्ह त्याने सोडले, तर आधी राजीनामा द्यावा आणि मग खुशाल नव्या घरात नांदावे. या नव्या शहराचा कारभार महामंडळाचे साहेब चालवतात, आपण निवडून दिलेला एकही माणूस त्यात नाही. ‘जिथं नगरसेवक नाही ते शहर नव्हे, वसतिगृह,’ असे तुम्ही एका पत्रात सांगितलेत आणि मी ते वाक्य लिहिताना मनातून खूश झाले होते. आजूबाजूच्या गावांच्या ग्रामपंचायती मोडू नयेत असेही तुमचे मत होते, कारण त्या आपल्या आधीपासून इथे आहेत. आणीबाणीत कचेऱ्या वेळेवर भरू लागल्या म्हणून तुम्ही कौतुकाचे पत्र लिहिले होते. पुढे त्या काळात तुरुंगांत काय काय घडले ते वाचलेत आणि तितक्याच जागेत, त्याच सदरात, ‘माझी चूक झाली’ असे छापून आणलेत. सोसायटीतले लोक जिन्यात थट्टा करीत. तुम्ही म्हणत होता, ‘चूक छापून केली होती, माघार घरात बसून कशी घेणार?’ त्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष दिले असते तर बरे झाले असते.

पत्र लिहून झाले की गावातले काका येत. आपल्या इमारतीमागच्या गावात त्यांचे घर होते. भरपाईचे, सातबाराचे, नोकरीचे त्यांचे अर्ज तुम्ही सांगत होता आणि मी लिहीत होते. पुढे त्यांच्या आळीतल्या इतरांचेही. काका पहिल्यांदा आले तेव्हा दारातच थबकले आणि मग हसून म्हणाले, ‘सायेब, तुमचा जिना हाय ना, त्याच्याखाली आमचं खळं हाय. आमी भात झोडायचो तितं तुमी आता चपला काढता.’ तुम्ही खुर्चीवरून उठलात, कापत्या हाताने त्यांना नमस्कार केलात आणि आपली खुर्ची त्यांना दिलीत. इमारत आणि नाला यांच्यामध्ये राहिलेल्या चिंचोळ्या पट्टीत ते वाल लावीत. दर हिवाळ्यात ओल्या फडक्यात बांधलेल्या शेंगा टेबलावर ठेवून ते आईला म्हणत, ‘मावरं-मासली तुमी खात नाय, मंग ह्ये तरी घ्या वहिनी. तुमच्याच घराच्या मागचं हाय.’ काकूही कधी येत. मला जवळ घेऊन विचारत, किती शिकणार गो तू. मी मान खाली घालून हसत असे. मला त्यांच्या कपड्यांना येणारा सुकटीचा वास नकोसा वाटे, हे आज लिहून टाकते.

मग तो रास्ता रोको झाला. जमीन घेताना घरटी एक नोकरी आणि वाढीव गावठाण देण्याचा शब्द सरकारने दिला होता. त्यातले काहीच पदरात पडेना, तेव्हा गावे मुंबईच्या रस्त्यावर येऊन बसली. त्याच सकाळी माझी शिष्यवृत्तीची तोंडी परीक्षा मुंबईत होती. तिच्यासाठी मी वर्षभर वाचत होते. खाडीपुलाच्या अलीकडे बस थांबली ती थांबलीच. दुपारी मी घरी परत आले आणि पिशवी टेबलावर ठेवून सांगितले, ‘त्यांनी सोडलं नाही.’ आईने डोळ्यांना पदर लावला. तुम्ही एवढेच विचारलेत, ‘पुन्हा घेणार नाहीत?’ मी नाही म्हटले.

येत्या रविवारी तुम्ही काय सांगणार, हे मला ठाऊक आहे असे मी धरून चालले होते. पहिला परिच्छेद माझ्या मनासारखा आला. रस्ता ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे. रुग्ण, विद्यार्थी, नोकरदार यांना वेठीस धरण्याचा अधिकार कोणत्याही मागणीला मिळत नाही. माझ्या मुलीची परीक्षा या आंदोलनात बुडाली आहे. मी भराभर लिहीत होते. मग तुम्ही पाण्याचा घोट घेतलात आणि म्हणालात, ‘आता दुसरा परिच्छेद.’ तो वहीत आहे, अण्णा. काल रात्री जेवणाआधी मी तो आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात वाचला:

‘परंतु नियम आधी सरकारने मोडला आहे. जमीन घेताना दिलेला शब्द हा कायद्याइतकाच बंधनकारक असतो, आणि जे सरकार स्वतःचा शब्द पाळत नाही त्याने नागरिकांना शिस्तीचे धडे देऊ नयेत. ज्यांच्या खळ्यावर आज माझे घर उभे आहे ते रस्त्यावर येऊन बसले, याची लाज त्यांना नव्हे, मला वाटते. प्रथम त्यांचे देणे द्यावे, मग रस्त्याची चर्चा करावी.’

माझी परीक्षा बुडाली, आणि तुम्हाला लाज वाटली ती त्यांच्यासाठी. मी मान वर केली नाही. तुम्ही म्हणालात, ‘लांबलंय. संपादक मोठी पत्रं घेत नाहीत. तू छोटं कर, तुला जमतं ते.’ मला ते जमत होते. शालान्त परीक्षेत मराठीला केंद्रात पहिली आले होते ती सारांशलेखनाच्या जोरावर. मी पेन्सिल घेतली, दुसऱ्या परिच्छेदावर तिरकी रेघ मारली आणि पहिला परिच्छेद सुवाच्य अक्षरात फुलस्केपवर उतरवला. तुमचा एकही शब्द मी बदलला नाही. कितीतरी वर्षे मी स्वतःला हेच सांगत आले. तुम्ही न वाचता सही केलीत. माझे अक्षर तुम्ही कधीच तपासत नव्हता. पाच मिनिटे लागली, आणि ती पाच मिनिटे मी तुमच्या मनगटाकडे पाहत उभी होते. तेव्हाही मला बोलता आले असते.

पत्र छापून आले. ‘नागरिकांना वेठीस धरू नका’ असा मथळा संपादकांनी दिला होता. सोसायटीचे चिटणीस जिन्यात तुमचा हात हातात घेऊन म्हणाले, ‘वा, बरं खडसावलंत. या लोकांना कुणीतरी सांगायलाच हवं होतं.’ तुम्ही वर आलात, भिंग घेऊन टेबलाशी बसलात आणि पत्र पुन्हा वाचलेत. ‘पुढचं छापायचं राहिलं का गं?’ मी गॅसकडे तोंड करून चहा ढवळत होते. ‘संपादकांनी कापलं असेल,’ असे मी म्हणाले. तुम्ही ‘हं’ केलेत. संध्याकाळी मी वाचनालयातून आले तेव्हा वही टेबलावर उघडी होती, त्या तिरक्या रेघेच्या पानावर. तुम्ही खिडकीशी पाठमोरे होता. वळला नाहीत. म्हणालात, ‘सारांश उत्तम झालाय. पैकीच्या पैकी.’

जन्मभरात मला तुमच्याकडून मिळालेला हा एकच बोल, आणि तो लावताना तुमचा आवाजही चढला नाही.

तिसऱ्या दिवशी काका आले. रविवार नव्हता. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. खिशातून कात्रण काढून त्यांनी ते टेबलावर ठेवले, नीट सपाट केले. ‘शाळेतल्या मास्तरानं वाचून दावलं. मी बोललो, आमचा सायेब असा लिवनार नाय, दुसरा कोन तरी त्याच नावाचा असंल.’ त्यांनी कात्रणावर बोट ठेवले. ‘ह्ये तुमी लिवलंय काय?’

मी ओट्याशी उभी होते. माझ्यापासून ते दोन हातांवर. संपादकांनी अर्धे कापले, असे तुम्ही म्हटले असते तरी काकांनी विश्वास ठेवला असता. मुलीने गाळले, असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क होता. तुम्ही माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. वर्गात एखाद्या हुशार विद्यार्थिनीला उत्तर येते हे ठाऊक असताना शिक्षक थांबतात, तसे तुम्ही थांबलात. बराच वेळ थांबलात. माझ्या तोंडातून काहीही आले नाही. मग तुम्ही काकांकडे वळून म्हणालात, ‘सही माझी आहे.’

‘बरां,’ काका म्हणाले. कात्रण त्यांनी तिथेच ठेवले. दाराशी चपला घालताना आईला म्हणाले, ‘वहिनी, येतो.’ त्यानंतर ते आपल्या घरी आले नाहीत. त्या हिवाळ्यात आईने वालाच्या शेंगा बाजारातून आणल्या. तुम्ही पानात घेतल्या आणि बाजूला सारल्यात.

पुढचे कितीतरी रविवार तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसत होता, वही कोऱ्या पानावर उघडून. ‘लिही’ असे मात्र म्हणत नव्हता. आईला वाटे, तुम्हाला विषय सुचत नाही. तुम्ही कशाची वाट पाहत होता, ते मला कळत होते. ती चूक तुमची नव्हती, म्हणून तिची माघारही तुमच्या सहीने घेता येत नव्हती. मी परीक्षेचे पुस्तक समोर धरून बसे. पुढच्या पावसाळ्याआधी तुम्ही गेलात. काका आले होते. वर आले नाहीत, जिन्याखाली उभे राहिले आणि तुम्हाला खाली आणल्यावर खांदा द्यायला पुढे झाले. मी वरच्या कठड्यापाशी होते. त्याही दिवशी मी खाली उतरून त्यांना काही सांगितले नाही.

आता राज्यात किती मुख्यमंत्री बदलले आणि किती आमदारांनी चिन्हे बदलली, हे तुम्हाला सांगत बसले तर वही पुरणार नाही. शहराला अजून नगरसेवक नाही. शब्द कोणी पाळला नाही असे कोणी म्हणाले की मीही मान हलवते, आणि लगेच मला ती तिरकी रेघ दिसते. काका अजून आहेत. वालाच्या त्या पट्टीवर आता दुकानांची रांग आहे. ते सकाळी तिच्या पायरीवर ऊन खात बसतात. शाळेला जाताना मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जाते. उद्याही कदाचित तशीच जाईन.

हे पत्र मी वहीतच ठेवणार आहे, तुमच्या परिच्छेदासमोरच्या पानावर. पण वही मिटण्याआधी एक राहिलेले सांगते. ते मी आईलाही सांगितलेले नाही. त्या सकाळी रस्त्यावर बसलेल्या बायकांमध्ये काकू होत्या. मला पाहून त्या उठल्या, बसच्या खिडकीशी आल्या, आणि गज धरून मोठ्याने म्हणाल्या, ‘कुटं चाललीस गो बाय? परीक्षा हाय काय? परीक्षेच्या पोरांना आमी सोडतो. चल, मी तुला पुलापातूर नेते.’ दोन मुले उतरून त्यांच्यामागून गेलीसुद्धा. साऱ्या बसचे डोळे माझ्याकडे लागले होते. ही बाई माझ्या ओळखीची आहे हे त्या सगळ्यांना दिसू नये, एवढेच त्या क्षणी मला हवे होते. मी मांडीवरच्या पुस्तकात पाहत म्हटले, ‘कुठं नाही.’