गोधडीतली बाटली

५ नोव्हेंबर १९७९, सोमवार
बाबांनी आज पावाच्या मैद्यात माल्ट घातलं. कॅम्पातल्या बंगल्यावरच्या कॅप्टनसाहेबांनी मुंबईहून डबा मागवला, त्यातलं थोडं बाबांना दिलं. जवाचं करतात म्हणे. दिसायला काकवी, गोडी तिच्याहून कमी, चव जरा भाजल्यासारखी. डब्यावर इंग्रजीत 'खाण्यासाठी' असं छापलंय. दोनदा वाचून खात्री केली.
कॅप्टनसाहेब त्याचीच घरी बिअर करतात. एकाच डब्यातून बिअर आणि आमचे पाव! मला बरं वाटेना. मी तसं म्हणाले तर बाबा हसले — "मास्तरीणबाई, डब्यानं काय केलंय? पाव खा."
खाल्ला. वरून तांबूस, आत मऊ. चांगला होता.

११ नोव्हेंबर, रविवार
विहारात वंदना. पाचवं शील, दारू न पिण्याचं, आलं की आई बाबांकडे बघते. मीही बघते. बाबा ते मोठ्याने म्हणतात. गेल्या बुद्धपौर्णिमेपासून त्यांनी थेंब घेतलेला नाही. आईने तेव्हाच सांगितलं होतं — "आता वास आला तर मालेगावला भावाकडं जाईन. न्यायला यायचं नाय." आई बोलते ते करते.

१४ नोव्हेंबर
थंडी वाढली. गोधड्या काढायला पत्र्याची पेटी उघडली. तळाशी माझी लहानपणची गोधडी, तिच्यात गुंडाळलेली बाटली. तोंडाला फडकं बांधलेलं. आत पिवळट फेस. कानाशी धरली तर बारीक फसफस ऐकू आली. वास आंबट. दारूचाच!
आई पाण्याला गेली होती. कधीही आली असती. बाटली मोरीत ओतली. पुन्हा पुन्हा धुतली, तरी हाताला वास.
कोणालाही सांगितलं नाही. बरोबर केलं असं वाटतं.

१५ नोव्हेंबर
बरोबर केलं नाही.
सकाळी बाबा पेटी उपसत होते. "माझं खमीर कुठंय?" पाव फुगतो तो त्या खमिरानं. बटाट्याचं पाणी, मैदा, चमचाभर माल्ट. रोज थोडं काढायचं, उरलेल्याला पुन्हा खायला घालायचं. मिलिटरीच्या मेसमध्ये आचाऱ्याच्या हाताखाली होते तेव्हापासून त्यांनी ते चालू ठेवलेलं. बाजारातलं यीस्ट ते घेत नाहीत. उन्हातून येतं, मेलेलं असतं म्हणतात.
मी सांगितलं. बाबा खालीच बसले. "तुला वाटलं, मी पितो."
आई म्हणाली, "वाटणारच की! गोधडीत बाटली लपवतं का कुणी?"
"लपवली नव्हती. थंडी हाय. लेकराला गुंडाळतात तशी गुंडाळली."
आज भट्टी पेटली नाही.

१७ नोव्हेंबर
नवं खमीर धरेना. पाव दगड झाले. कॅम्पात घरोघर पाव पोचवणाऱ्या विमलाबाई टोपली तशीच घेऊन परत आल्या. "जयरामभाऊ, हे एकावर एक रचा, कुंपण होईल." एरवी बाबा हसले असते.

१९ नोव्हेंबर
कॅप्टनसाहेबांनी निरोप धाडला — बिअरच्या तळाशी गाळ बसतो, त्यात खमीरच असतं, घेऊन जा. बाबा बंगल्यावर गेले. गाळाने भरलेला तांब्या घेऊन आले, तो ठेवला, आणि माझ्यासमोर येऊन तोंड उघडलं.
"घे वास."
वास घेते असं मी म्हटलं नव्हतं. मी 'नको' म्हणाले. ते तसेच उभे. शेवटी घेतला. विडी आणि कांदा.

२० नोव्हेंबर
पाव फुगले.

२६ नोव्हेंबर
थंडीत खमीर टिकत नाही. दोन-तीन दिवसांनी बाबा नवा गाळ आणतात. आले की आधी माझ्यापुढे तोंड उघडतात. आता मला कळलंय — 'नको' म्हणून चालत नाही.
आज सांगत होते, "साहेब म्हणतात, जयराम, सर्दी है, दो घूंट ले. मी म्हटलं, घरी इन्स्पेक्टर हाय." आई हसली. मी नाही.
नंतर आईने मला बाजूला घेतलं. "मी त्यांच्या तोंडाजवळ जाणार नाय, मला मागचं आठवतं. तू बघ. तू खोटं बोलत नाहीस, म्हणून तुला सांगते."

३० नोव्हेंबर
कॅप्टनसाहेबांचा डबा संपत आला. त्यांनी दुसरा मागवलाय. बाबा बंगल्यावर जरा जास्त वेळ बसतात. तिथे बाटल्या धुवायला मदत करतो म्हणाले. वास घेतला. काही नव्हतं.
ती बाटली मी ओतली नसती तर बाबांना तिकडे जावंच लागलं नसतं. हे मी रोज मनात म्हणते. मोठ्याने कोणाला म्हटलेलं नाही.

४ डिसेंबर
आज बाबांनी तोंड उघडलं नाही. मीच जवळ गेले, वास घेतला.
आईने चुलीपासून विचारलं, "काय गं?"
"खमिराचा आहे," मी म्हणाले.
नव्हता.