काचेसारखा बर्फ

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तू असतानाही तुला अक्षर वाचता येत नव्हतं, तरी आज तुलाच लिहायला बसले आहे. बाकी कुणाला सांगायला गेले तर लोक विचारतील, एवढ्याशा बर्फाचं काय ते कौतुक. तू विचारणार नाहीस. त्या उन्हाळ्यात आपण दोघी कशापायी झटत होतो ते तुला ठाऊक आहे.

मुरुडच्या त्या आळीत आम्ही बिऱ्हाड केलं तेव्हा तुझं माझं बोलणं नव्हतं. तू माझ्यासाठी होडीवाल्यांचं घर बघून ठेवलं होतंस आणि मी भातशेती करणाऱ्यांच्या मुलाशी, शाळेतल्या मास्तरांशी लग्न केलं. लग्नाच्या आदल्या दिवशी, कोळीवाड्यातल्या आपल्या ओटीवर सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "जा. पन तुज्या घरचं पानी मी प्यायची न्हाय." मी बिऱ्हाड थाटलं ते नेमकं तुझ्या मासळीच्या वाटेवर. रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन तू आळीत शिरायचीस. "मांदेली घ्या, बोंबील घ्या" हा तुझा आवाज मला तीन घरं अलीकडून यायचा. माझ्या दारापाशी तो थांबायचा. पावलं तेवढी ऐकू यायची. मग पलीकडच्या दाराशी पुन्हा "मांदेली घ्या". मी दाराआड उभी राहून ते ऐकत असे. दार उघडायचा धीर मला होत नव्हता आणि तुला हाक मारायचा.

आमची घरमालकीण पुढच्या घरात राहायची. तिचा नवरा बोटीवर होता. आम्ही तिला खाला म्हणायचो. नवऱ्याने बोटीवरून येताना तिला रॉकेलवर चालणारा फ्रिज आणून दिला होता. आळीत अजून वीज आली नव्हती, म्हणून त्या फ्रिजच्या पोटाखाली एक दिवा जळायचा, निळ्या ज्योतीचा. लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईला जायला निघाली तेव्हा खालाने तो फ्रिज आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवला. मला म्हणाली, "बेटी, बंद ठेवला तर कुजका वास मारेल. वात साफ कर आणि चालू ठेव." तुझ्याकडून ती रोज मासळी घ्यायची. जाण्याआधी तिने तुला काय सांगितलं ते मला फार उशिरा कळलं. "तुझ्या लेकीकडे आग लावून बर्फ करायचं कपाट आहे, जाऊन बघ. कपाट माझं आहे, तिचं नाही." हे शेवटचं वाक्य तिने मुद्दाम घातलं असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू दारात उभी होतीस. पाटी रिकामी, कपाळावर घाम. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "त्या खालाचं कपाट बगाया आले." मी बाजूला झाले. तू आत आलीस, खाली वाकून ज्योत बघितलीस, मग वरचा कप्पा उघडून हात घातलास आणि झटकन मागे घेतलास. "खाली आग नि वर बर्फ! कलियुग गो!" मी तांब्या पुढे केला. तू मान हलवलीस. "पानी नको." मग मी वाटीतला बर्फ काढून दिला. तू तो तळहातावर धरलास, उजेडाकडे केलास. तो पांढराफटक होता, खडूसारखा. "ह्यो तं मासल्यांचा बर्फ," तू म्हणालीस. "जलमभर पाटीत भरला ह्यो. तोंडान कोन घालील?" तरुणपणी मुंबईत एका शेटच्या बंगल्यावर मासळी पोचवायला गेली असताना तू पेल्यातला बर्फ बघितला होतास म्हणे. काचेसारखा, आरपार दिसणारा. "तसा करून दाखव," असं म्हणून तू पाटी उचललीस. उंबऱ्यावर थांबून पुढे म्हणालीस, "उद्या येते. बगाया."

उद्या येते! मी त्या दिवशी भाताला मीठ घालायचं विसरले.

मग सुरू झाला आपला उद्योग. विहिरीचं पाणी मी आधी दुहेरी फडक्यातून गाळलं. बर्फ पांढराच. मास्तर म्हणाले, पाण्यात हवा असते, उकळलं की निघून जाते. मी पाणी उकळलं, गार केलं, पुन्हा उकळलं. बर्फ कडेला जरा निवळला, पण मधोमध तसाच पांढरा गोळा. तू रोज दुपारी यायचीस, मास्तरांची शाळा सुटायच्या आत जायचीस. आधी दारातूनच बघून "न्हाय जमला" म्हणून वळलीस. मग उंबऱ्यावर बसलीस. मग एक दिवस पाट ओढून चुलीजवळ बसलीस आणि मी सोलत असलेल्या बारीक करंदीचं सुपडं माझ्या हातातून ओढून घेतलंस. "मास्तरांच्या घरान जाऊन करंदी सोलाया पन इसरलीस?" ते शब्द रागाचे होते, पण तुझी बोटं माझ्याहून भरभर चालत होती आणि तू नकळत मला कोळीवाड्यातल्या बातम्या सांगत होतीस. कुणाची होडी नवीन झाली, कुणाच्या सुनेला दिवस गेले. मी हूं हूं म्हणत होते. वर बघायची मला भीती वाटायची, बघितलं तर तू उठून जाशील अशी.

बर्फ जमवायला मी जर्मन धातूचा लहान टोप वापरत होते. तो कप्प्याच्या तळाला असा चिकटून बसायचा की हलता हलेना. एक दिवस मी सुरी घेऊन तो खरवडून काढू लागले, तशी तू ओरडलीस, "ठेव ती सुरी! लोकाचं कपाट हाय. भोक पाडशील नि खालाला काय तोंड दावशील?" मी सुरी खाली ठेवली. आये, त्या ओरड्याने मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! परक्या बाईवर कुणी असं ओरडत नाही.

टोप चिकटू नये म्हणून मग तूच तोड काढलीस. "तूस हाय का घरान?" घरात तूस होतं. मास्तरांच्या गावाहून, त्यांच्या घरच्या भाताचं, चुलीसाठी पोतं भरून आलं होतं. तू मूठभर तूस हातात घेतलंस, फुंकून बघितलंस, आणि एवढंच म्हणालीस, "भात चांगला असंल त्यांचा." गोणपाटाची पिशवी शिवून तिच्यात खाली आणि चहूबाजूंनी तूस दाबलंस, मधे टोप बसवलास. वरचं तोंड तेवढं उघडं राहिलं. आपल्या दोघींच्या मनात फक्त टोप सुटा निघावा एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टोप सहज हातात आला. मी तो पाटावर उपडा केला. तळाला थोडं न गोठलेलं पाणी होतं, ते वाहून गेलं. त्याच्यावर पांढरट चकतीसारखा थर होता. तू बत्त्याने हलकेच ठोकलंस आणि तो थर सुटून पडला. उरला तो बर्फ काचेसारखा. तू तो पदराच्या टोकात धरून खिडकीशी नेलास. त्यातून मागची माडाची झाडं दिसत होती, वाळत टाकलेलं माझं लुगडं दिसत होतं. पुढे मास्तरांनी उलगडून सांगितलं, तूस भोवती असल्याने गारवा फक्त वरून लागला, पाणी वरून खाली गोठत गेलं आणि हवा सगळी तळाशी ढकलली गेली. असेल. त्या घटकेला मात्र आपण दोघी नुसत्या बघत होतो, आणि त्या बघण्याच्या नादात शाळा सुटल्याचं तुझ्या ध्यानात आलं नाही.

मास्तर दारात उभे. तुला बघून चपला काढायच्याही राहिल्या. लग्नानंतर तुमची ही पहिली गाठ. तू बर्फ डोळ्यासमोर तसाच धरून त्यातून त्यांच्याकडे बघतेस. बराच वेळ बघतेस. मग म्हणतेस, "मास्तर, वाकडं दिसताव."

"बर्फामुळे दिसत असेन, आई," ते म्हणाले.

तू ओठ दाबून धरलेस. हसू दाबत होतीस, मला दिसलं. मग बर्फाचा कोपरा बत्त्याने फोडून तुकडा सरळ तोंडात टाकलास. मी तुझ्याकडे बघतच राहिले. तू गाल फुगवून, अडखळत म्हणालीस, "बगते काय? ह्यो पानी न्हाय. बर्फ हाय."

"विरघळला की पाणीच होतं, आई." मास्तर बोलून गेले. सवयच त्यांना, चूक दुरुस्त करायची! मला वाटलं, संपलं सगळं. आता तू बर्फ थुंकशील, पाटी उचलशील. तू गालातला तुकडा या बाजूचा त्या बाजूला केलास. विचार करत होतीस की नुसता बर्फ चघळत होतीस, देव जाणे. मग गिळलास, हात लुगड्याला पुसलास आणि माझ्याकडे, पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून म्हणालीस, "बर्फानं तहान आनखी लागते गो. तांब्या दे."

तू घटाघट प्यायलीस. वरून धार न धरता, तांब्या थेट तोंडाला लावून, घरच्या माणसासारखी. त्या दिवशी तू जेवलीसही. करंदीची आमटी खारट झाली होती, ते तू मास्तरांदेखत सांगितलंस.

खाला नातवाला दाखवायला घेऊन परत आली आणि फ्रिज पुढच्या घरात गेला. तू मात्र येत राहिलीस. बर्फाचं नाव कुणीच काढलं नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तूच होतीस. मास्तरांना ताप भरला तेव्हा तू होतीस, आणि तुझं अंग सुजू लागलं तेव्हा त्यांनीच तुला एस.टी.ने अलिबागच्या डॉक्टरकडे नेलं होतं. शेवटची दोन वर्षं तू आमच्याकडेच राहिलीस, खिडकीजवळच्या खाटेवर, आळीतून जाणाऱ्या प्रत्येक कोळणीला भाव विचारत.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, हे मला कळतं. लिहून झालं की बरं वाटेल एवढंच होतं, आणि वाटतंय. एक मात्र तुला कधी सांगितलं नाही, ते आता सांगून टाकते. मला बर्फ कधीच आवडला नाही. दात शिवशिवतात.