क्ष कप चहा, य वाट्या आमटी

वारजे, पुणे
१२ जानेवारी २०२५

चि. कांता हीस हिरावहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे दादा गेले त्या मंगळवारी सकाळी मी दूध तापवलं, पिण्याचं पाणी भरलं, मेथी निवडली आणि त्यांचं दिवसभराचं पाणी मापाच्या पेल्यानं मोजून बाटलीत ओतलं. ते खाटेवरून बघत होते. म्हणाले, खडकवासल्यात एवढं पाणी आणि माझ्या वाट्याला ही बाटली. मी म्हटलं, धरणाची मूत्रपिंडं शाबूत आहेत. ते हसले. दोन वर्षं रोज सकाळी हेच काम आणि बहुतेक हाच विनोद.

आता तुझं पत्र. तुलाही डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरच्या वर काही प्यायचं नाही असं सांगितलं, आणि तू विचारतेस की भावाला तहानलेला ठेवलंस, आता बहिणीला कसं ठेवणार ते कळव. कळवते. फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्या कानांना आलेख ऐकू येणार नाही. तसं काहीच येत नाही.

मंडईमागच्या रद्दीवाल्याकडून मी बारावीचं गणित आणलं आहे. त्यातला सुतार जन्मभर खुर्च्या आणि टेबलंच करतो. शिवाय खुर्च्या शून्यापेक्षा कमी नकोत अशी त्याला अट घालतात, जणू उणे दोन खुर्च्या करून तो ग्राहकाला बसवणार होता. पण वाचता वाचता लक्षात आलं, दोन वर्षं मी स्वयंपाकघरात हेच करत होते, फक्त त्याला असमीकरणं म्हणतात हे ठाऊक नव्हतं.

तर चहाचे कप क्ष, आमटीच्या वाट्या य. गोळ्यांबरोबरचं तीनशे मिली आधीच बाजूला काढ. उरले सातशे. कप शंभराचा, वाटी दीडशेची. शंभर क्ष अधिक दीडशे य, सातशेच्या वर नको. मिठाच्या पथ्यामुळे य तीनच्या वर नको. कोरडा भात उतरत नाही, म्हणून य एकाच्या खाली नको. दोन चहा मिळाले नाहीत तर तू माणसांच्या अंगावर जातेस, म्हणून क्ष दोनाच्या खाली नको. अशा चार रेघा सोबतच्या कागदावर काढून पेन्सिलीनं रंगवलं आहे. भिंतीला लाव आणि त्याप्रमाणे वाग.

प्रकृतीस जप. लोभ आहे, तो सातशेत धरलेला नाही.
हिरा


सातारा
२३ जानेवारी २०२५

ती. वहिनीस कांताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

कागद पोचला. हिशेब वाचला नाही. बालवाडीत तीस वर्षं मी एक ते दहाच शिकवले, आणि त्यातही सातावर मुलं अडायची. चित्र मात्र पाहिलं आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. केवढा कागद रंगवला आहेस! मध्ये एक इवलासा चौकोन कोरा ठेवलास, तोही बहुधा पेन्सिल संपली म्हणून.

वहिनी, दादाला तू थेंब मोजून द्यायचीस, याचा मला चार वर्षं राग होता. शेवटच्या दिवशीही त्यानं चहा मागितला आणि तू नाही म्हणालीस, हे तूच मला सांगितलं होतंस. आणि आता नणंदेला एवढी मोकळीक! म्हणून राग सोडला. रोज सहा कप चहा आणि चार वाट्या आमटी घेते, बरोबर रंगाच्या मधोमध. तुझ्या कष्टांचा मान ठेवायला नको का?

बाकी ठीक. पावलं जरा जड झाली आहेत, चप्पल शिरत नाही. थंडी असेल. जिना चढताना धाप लागते, ते वय.

लोभ आहेच, या आलेखामुळे वाढला.
तुझी,
कांता


वारजे, पुणे
७ फेब्रुवारी २०२५

चि. कांतास अनेक आशीर्वाद. वि. वि.

दवाखान्यात आठ दिवस तुझ्या उशाशी बसूनही जे बोलले नाही ते लिहिते. तुझ्या कानांपायी ओरडावं लागलं असतं, आणि ती गोष्ट सगळ्या वॉर्डाला सांगायची नव्हती.

तुझं पत्र वाचून मी गॅस बंद केला आणि तुझ्या खालच्या मजल्यावरच्या सर्जेरावांना फोन लावला. म्हटलं, कांतानं आलेख उलटा वाचला आहे, ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. त्यांनी विचारलं, कसला आलेख. मी म्हटलं, आधी तिला रिक्षात घाला, आलेख मग शिकवते. भला माणूस, पुढे काही विचारलं नाही.

वॉर्डात तू मला म्हणालीस, रांगोळीत रंग हव्या त्या जागीच भरतात. मी म्हटलं, तांदूळ निवडताना आपण खडे काढतो, तांदूळ नाही. तेवढ्यात डॉक्टर आले आणि दोघींपैकी पेशंट कोण असं त्यांनी नर्सला विचारलं. पण खरं ते लिहिते. पुस्तकातही हवा तोच भाग रंगवलेला आहे. नको ते खोडायची रीत माझी, आणि कागदावर तसा एक शब्द मी लिहिला नव्हता. तुझ्या छातीत पाणी झालं ते माझ्यामुळे.

आता दुसरं. तुझ्या दादांचे चहा-आमटीचे आकडे मी कॅलेंडरवर लिहीत असे. घरी आल्यावर शेवटच्या दिवसाचा बिंदू काढला. दुपारी चारपर्यंत चार कप, एक वाटी. त्यांनी आणखी अर्धा कप मागितला. रात्री त्यांना आमटीची दुसरी वाटी लागेल म्हणून मी जागा राखून ठेवली होती. चार आणि दोन, बरोबर रेघेवर. म्हणून नाही म्हणाले. दिवेलागणीला ते गेले. परवा मी साडेचार आणि एक असा बिंदू मांडला. तो कोऱ्या भागात आला, सातशेच्या रेघेच्या बराच अलीकडे. तो अर्धा कप बसत होता, कांता. मी रात्र धरून चालले होते.

म्हणून तुझा राग तू सोडू नकोस. पण साताऱ्यात एकटी बसून करू नकोस, इथे येऊन समोर कर. मला दोन्ही कान आहेत.

लोभ असेल तेवढा असू दे, त्याला वरची मर्यादा नको.
हिरा

ता. क. हे शुक्रवारी लिहून झालं, पण टपालात टाकलं नाही, बरोबर आणते आहे. दुसऱ्या दिवशी मी आतल्या खोलीतलं कपाट रिकामं केलं, त्यांची खाट खिडकीशी ओढली आणि तुला आणायला साताऱ्याच्या एसटीत बसले.