खाली ठेवलेली बंदूक

हिंगोली, शनिवार, १० एप्रिल १९४३

तंबूत लढाईचा इंग्रजी सिनेमा चालू आहे. पडद्याजवळ उभं राहून तो आपल्या बोलीत सांगायचं काम माझं. त्यात हात बांधलेल्या कैद्याला गोळी घालायचा हुकूम होतो अन् शिपाई बंदूक खाली ठेवतो. मालक म्हणाले होते, "त्याला डरपोक म्हण, लोक हसतील." तीन दिवस म्हटलं, लोक हसले. काहून ऐकलं मी त्यांचं?

आज ओरडून सांगितलं, "तो म्हणतो, बांधलेल्याला मी मारणार न्हाई!" मग बायांच्या बाजूनं तांड्यावरची एक म्हातारी म्हणाली, "शाबास रे लेकरा!"

मालक तणतणले, "तसं बोललाच न्हाई तो!"

इंग्रजी त्यांना येत न्हाई, मलाही न्हाई. पण खाली ठेवलेली बंदूक मला बराबर वाचता येते. उद्याबी हेच सांगणार.