हाक पोचली पाहिजे

६ ऑक्टोबर, सोमवार

जेवताना सुनेने मोबाइल पुढे धरला — ‘अब्बा, बाळांची नावं. अर्थासकट आहेत! कुठलं आवडतं ते सांगा.’ दिवस भरत आलेत तिचे. डॉक्टरीणबाई महिनाअखेर म्हणतात.

चष्मा लावून वाचायला बसलो. या मोबाइलच्या मते जगातला प्रत्येक पोरगा सिंह आहे आणि प्रत्येक पोरगी जन्नतमधलं फूल. पान संपतं, सिंह संपत नाहीत. मी म्हटलं, ‘सगळेच सिंह झाले तर सकाळी वर्कशॉपचं शटर कोण उघडणार?’ सून खुदकन हसली. धाकटाही हसला — म्हणजे तिचा नवरा, माझा मुलगा — पण आईकडे बघत बघत, बेताने.

आमची ही वाढत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मुलगी झाली तर तुम्ही सगळे मिळून बघा काय ते. मुलगा झाला तर नाव ठरलेलं आहे.’

कुठलं, ते कोणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. सुनेने मोबाइल पालथा ठेवला आणि जेवायला लागली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

थोरल्याला जाऊन सहा वर्षं झाली. साधा ताप म्हणून निजला आणि आठवड्याभरात गेला. चोवीस वर्षांचा घोडा! वर्कशॉपच्या लेथ मशीनवर माझ्यापेक्षा साफ हात होता त्याचा.

तेव्हापासून या घरात त्याचं नाव कोणी घेतलेलं नाही. असं कोणी ठरवलं नव्हतं, झालं तसं. ही ‘तो’ म्हणते. त्याची खोली, त्याचा पेला. धाकटा ‘भाई’ म्हणतो, तेही आई आसपास नाही हे बघून. मी काहीच म्हणत नाही. इथे या पानांवरसुद्धा ‘थोरला’ लिहून पुढे सरकतो.

नाव मीच ठेवलं होतं. उगाच कोणाच्या तोंडून ऐकून नाही, जाणत्या माणसाला अर्थ विचारून, ठोकून पारखून. अर्थ निघाला — ‘तो जगतो’. मी म्हटलं, झालं! यापेक्षा मजबूत नाव कुठलं मिळणार?

आता कोणी नावाचा अर्थ सांगायला लागलं की मी विनोद करतो. माझ्या स्वतःच्या नावाचा अर्थ म्हणे ‘राजपुत्र’. राजपुत्राची निम्मी उमर रॉकेलमध्ये नट-बोल्ट धुण्यात गेली.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज वर्कशॉपमध्ये धमाल.

मी वेल्डरला म्हटलं — त्याला सगळे ‘ठिणगी’ म्हणतात, पंचवीस वर्षं माझ्याकडे आहे, तोंड त्याच्या कामापेक्षा जास्त उडतं — म्हटलं, ‘ठिणगी, अर्थबिर्थ जाऊ दे. नाव शेवटी हाक मारायला असतं. हाक पोचली नाही तर सिंह काय आणि उंदीर काय!’ मग ठरली परीक्षा. कॉम्प्रेसर चालू, लेथ चालू, ग्राइंडर चालू. मी शटरपाशी उभा राहून एकदाच ओरडणार. ठिणगी पार मागे, दुरुस्तीला आलेल्या पंपांच्या ढिगाशी. त्याला नीट ऐकू आलं तर नाव पास.

‘अनस’ गेलं. अर्थ छान होता, जिव्हाळा. पण शेवटचा स कॉम्प्रेसरच्या फुसफुसीत विरघळला. ‘मुआज’ म्हणून ओरडलो तर मागून ठिणगी — ‘कसला आवाज, उस्ताद? बेल्ट ढिला झालाय का?’ सगळे पोट धरून हसले. ‘जुनैद’ पोचलं. ‘रय्यान’ झकास पोचलं, भिंतीवर आपटून परत आलं.

माझा कान ही या धंद्यात मला मिळालेली एकमेव डिग्री. इंजिन दारात यायच्या आधी त्याचं दुखणं सांगतो. नावाचंही तसंच — तोंडातून सुटताना कळतं, घट्ट बसलंय की खडखडतंय.

संध्याकाळी घरी सांगितलं. सून हसून हसून खुर्ची धरून बसली. ही पाण्याचा जग भरत होती. हसली नाही. पण जग भरून वाहायला लागला तरी नळ बंद केला नाही. म्हणजे ऐकत होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

स्वयंपाकघरातला नळ गळतो म्हणून मी ओट्याखाली आडवा झालो होतो. सून आली, जमिनीवर बसता येत नाही तिला, तर स्टूल ओढून बसली. वरून बोलत राहिली. समोरासमोर बोलायला जमलं नसतं, हुशार आहे पोरगी.

‘अब्बा, रागावणार नाही ना?’

‘हातात पाना आहे, पण रागावणार नाही. बोल.’

‘मला ते नाव नकोय.’ स्टूल किंचित सरकलं. ‘मी भाईंना बघितलंसुद्धा नाही, फोटोतच. ते वाईट म्हणून नाही हो. पण माझं बाळ रडेल तेव्हा अम्मी धावत येतील ना, तेव्हा त्या कोणासाठी धावत येतील? माझ्या बाळासाठी की भाईंसाठी?’

मी म्हटलं, ‘नवऱ्याला सांगितलंस?’

‘ते म्हणतात, अम्मीला मी सांगू शकत नाही, तू सांग. मी सांगू? मला या घरात येऊन दोन वर्षं झाली. अम्मींनी मला आजवर कशाला नाही म्हटलेलं नाही. त्यांनी एकच गोष्ट मागितलीय.’

वॉशर बसला. पाणी थांबलं. मी बाहेर आलोच नाही, उगीच पाना फिरवत पडलो. पोरीचं म्हणणं सरळ आहे. हिचं म्हणणंही सरळ आहे. आणि खरं लिहायचं तर, कोणाला सांगणार नाही म्हणून लिहितो — मलाही ते नाव हवंय. एकदा मोठ्याने हाक मारायला मिळेल. कोणीतरी धावत येईल.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

नमाजनंतर मौलवीसाहेबांची स्कूटर नीट करून दिली. कार्बोरेटर साफ करता करता विचारलं, ‘गेलेल्या माणसाचं नाव बाळाला ठेवावं का?’

‘हरकत काहीच नाही. लोक ठेवतात.’

‘आणि नाही ठेवलं तर?’

‘तरी हरकत नाही.’ भला माणूस, पण असा सल्ला दोन्ही चाकांना ब्रेक लावल्यासारखा असतो!

मग त्यांनीच हसून सांगितलं — ‘हन्जला’ नाव माहीत आहे? किती मोठी माणसं होऊन गेली त्या नावाची. आणि अर्थ काय? वाळवंटातलं एक कडूजहर फळ. ‘आता ते नाव ऐकून कोणाचं तोंड कडू होतं? अर्थ माणसाने भरायचा असतो, उस्ताद. आधी चांगला अर्थ असावा हे खरं, पण पुढचा अर्थ माणूस भरतो.’

यावर विचार करत राहिलो. त्यांनी किक मारली, स्कूटर पहिल्या दमात सुरू. आवाज साफ.

११ ऑक्टोबर

काही नाही. काम. धाकटा हिशोबाला बसला तेव्हा दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आजचं नीट लिहून ठेवतो.

दुपारी डबा घेऊन ही स्वतः आली. थोरला गेल्यापासून तिने वर्कशॉपचा उंबरा ओलांडला नव्हता. डबा धाकटा आणतो. मी पंपांच्या ढिगामागून बाहेर येईतो ठिणगीने स्टूल पुसून दिलं होतं — ‘बसा भाभी, बसा. आज दिवस कुठून उगवला?’

बसली नाही. डबा टेबलावर ठेवला. सगळीकडे नजर फिरवली. पंपांचा ढीग, खिडकी, लेथ. मग म्हणाली, ‘परीक्षा घेता म्हणे नावांची.’

‘अगं, चेष्टा आपली.’

‘सगळ्यांची नावं ओरडलात. मी ठरवलेलंही ओरडा.’

धाकटा हिशोबाच्या टेबलावरून उठून उभा राहिला. मी म्हटलं, ‘घरी बोलू ना.’ तर म्हणाली, ‘घरी कॉम्प्रेसर आहे का?’

तिला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. कॉम्प्रेसर लावला, ग्राइंडरही. ठिणगी मागे जाऊन उभा राहिला, तोंडावरचा वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढून. लेथवर नवा टर्नर — पाच वर्षं झाली तरी आमच्यात तो ‘नवा’च — त्याच्या कानात कापसाचे बोळे, त्याला कशाचा पत्ता नाही. मी शटरपाशी गेलो. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही! आयुष्यभर ओरडून खाल्लेला माणूस मी. पुन्हा छाती भरून घेतली आणि ओरडलो. नाव.

पोचलं. काय पोचलं! ग्राइंडर थांबला. ठिणगीने मुखवटा वर केला. आणि तो माझ्याकडे बघायच्या ऐवजी लेथकडे बघायला लागला. धाकटा लेथकडे. मी लेथकडे. सहा वर्षांपूर्वी हाक मारली की तिथूनच ‘आलो अब्बा!’ यायचं.

आणि शेवटी बघतो तर हीसुद्धा. लेथकडेच.

नव्या टर्नरला जाणवलं की सगळी दुनिया त्याच्याकडे बघतेय. त्याने घाईघाईने मशीन बंद केलं, आधी पँट बघितली, मग कुठे पेटलंय का म्हणून मागे बघितलं, मग कानातले बोळे काढले. ‘काय झालं उस्ताद? माझं काही चुकलं?’

शेवटी हीच म्हणाली, ‘नाही रे बाळा. तुझं काही नाही. काम कर.’

पदर सावरला आणि निघाली. धाकटा मागे जाऊ लागला, तर हाताने थांबवलं त्याला.

डबा उघडला, पण जेवण गेलं नाही. ठिणगी त्यानंतर दिवसभर एक अक्षर बोलला नाही. हे तर आठवं आश्चर्य!

१४ ऑक्टोबर

डबा धाकट्याने आणला. भाजीत मीठ नव्हतं. सगळी खाल्ली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी चहा देताना ही म्हणाली, ‘ते नाव रिकामं नाही हो.’

मी कप खाली ठेवला.

‘तुम्ही हाक मारलीत आणि आपण सगळ्यांनी त्याला शोधलं. मीपण. उद्या पोरगं हाक ऐकून दुडुदुडु येईल आणि मी त्याच्या डोक्यावरून मागे बघत राहीन. त्याने काय पाप केलंय?’ मग माझा कप पुन्हा भरत, ‘ज्याचं त्याला राहू दे. दुसरं शोधायला सांगा पोरीला.’

‘तूच सांग. तुझ्या तोंडून गोड लागेल.’

‘मी सांगितलं तर रडेल. या दिवसांत रडू नये.’

तरी तीच गेली सांगायला. मी चहा पीत बसलो, कान मात्र खोलीत. आतून रडण्याचा आवाज आला. एकीचा नाही, दोघींचा. मी वर्कशॉपला निघून गेलो. घरात पुरुषमाणसाचं काही काम नव्हतं.

मला सुटल्यासारखं वाटलं का? वाटलं. आणि काहीतरी हातातून गेल्यासारखंही. दोन्ही एकदम. असो.

१९ ऑक्टोबर, रविवार

घरात नावांचा बाजार. ही पुढाकार घेऊन बसलीय! सून मोबाइलवर वाचते, ही निकाल देते. ‘जुनैद? अर्थ छोटा सैनिक? नको, लढाया आपल्याच्याने होणार नाहीत.’ ‘अर्हम? सर्वांत दयाळू? मौलवीसाहेबांना विचारा, एवढं मोठं नाव माणसाला पेलतं का.’ ‘शायान? शेजारच्या बोक्याला हाक मारल्यासारखं वाटतं.’

मुलीचं एका फटक्यात ठरलं — सकीना. शांती. कॉम्प्रेसरवर कालच पास झालंय.

मुलाचं अडलं होतं. मग सून चाचरत म्हणाली, ‘अम्मी, तल्हा?’

‘अर्थ?’

‘झाड. वाळवंटातलं एक काटेरी झाड. बाकी काही नाही.’ पोरगी ओशाळली. सिंहांच्या यादीत हे एवढंसं झाड!

हिने शिवण खाली ठेवली. ‘झाड चांगलं,’ म्हणाली. ‘झाड कुठे जात नाही.’

२० ऑक्टोबर, सोमवार

तल्हा — पोचलं. शेवटचा आ थेट भिंतीपर्यंत. सगळे ठिणगीकडे बघत होते, तो हात वर करून नाचत होता. लेथकडे कोणी बघितलं नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी मुलगा! आई आणि बाळ दोघं ठीक. धाकट्याने फोनवर सांगितलं आणि फोन चालू ठेवूनच रडायला लागला, गाढव.

दवाखान्यात बाळाच्या कानात अजान मी दिली. सगळी उमर मशीनवर ओरडलेला गळा माझा. एवढ्या हळू बोलता येतं हे मलाच माहीत नव्हतं. पोराने डोळा किलकिला केला — एकच — आणि मिटला. ऐकून घेतलं, पसंत पडलं असावं.

हिने घेतलं त्याला. मी बारीक लक्ष ठेवून होतो. तिने मागे कुठे बघितलं नाही. त्याच्याचकडे बघत म्हणाली, ‘तल्हा. ए तल्हा. नाक कोणाचं आणलंस रे?’

सून उशीवरून बघत होती. मग निवांत झोपून गेली.

२ नोव्हेंबर, रविवार

काल सगळे दवाखान्यातून घरी आले. सकाळी सून बाळाला पाजत होती, तो दुपट्यात सारखे पाय झाडत होता. ही बाजूला कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. घडी न थांबवता तिने सहज थोरल्याचं नाव घेतलं — ‘याह्यापण असाच पाय झाडायचा. दोन चादरी फाडल्या होत्या त्याने.’

सून म्हणाली, ‘अजून सांगा ना, अम्मी.’

सांगत बसली. आज शटर उशिरा उघडलं.